लहान फाईल, मोठें छायाचित्र

धनजच्या एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या घरीं भिंतीवर टांगलेलें शाळेचें एक जुनें सामुदायिक छायाचित्र संकेतस्थळावर लावण्याकरितां पाठविलें. बारा इंच लांब व दहा इंच उंच असा तो कागद त्यानें कारंज्यास नेऊन इंचास ६०० बिंदु या प्रमाणांत स्कॅन करून घेतला होता. कागदास वाळवी लागलेली असल्यामुळें चौकटींतून काढतांना त्याचे तुकडे पडले, आणि पुन्हा स्कॅन करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. फाईल अवघी ९ एम.बी.ची. ती सर्व्हरवर चढली, क्षणभर चाक फिरलें आणि पडद्यावर कोरें पांढरें पान उमटलें. दुसऱ्या वेळीं तेंच, तिसऱ्या वेळीं तेंच. फाईलच बिघडली असावी असें आम्हीं जवळजवळ ठरवून टाकलें होतें. वस्तुतः फाईल निर्दोष होती.

याचें कारण आमच्या वऱ्हाडांतील वाचकांस समजाविणें कठीण नाहीं. जिनिंग-प्रेसिंगमध्यें दाबून बांधलेली रुईची गाठ थोड्या जागेंत मावते; पण तिच्या पट्ट्या तोडून रुई मोकळी केली, म्हणजे खोली पुरत नाहीं. जेपेग फाईल ही अशीच दाबलेली गाठ होय. छायाचित्र लहान करावयाचें तर सर्व्हरला ती प्रथम सोडावी लागते. आमच्या छायाचित्रांत लांबीस ७,२०० व उंचीस ६,००० बिंदु होते, म्हणजे एकूण ४ कोटी ३२ लक्ष. पीएचपीबरोबर वापरलें जाणारें जीडी नांवाचें साधन प्रत्येक बिंदूस ४ बाइट जागा देतें. गुणाकार केला तर १७ कोटी २८ लक्ष बाइट होतात. फाईल ९ एम.बी.ची असो कीं १९ एम.बी.ची, या हिशेबांत तिच्या वजनास स्थान नाहीं. लांबीरुंदी तेवढी पाहिली जाते.

रासमुस लेरडॉर्फ यांनीं १९९५ सालीं लोकांपुढें ठेविलेली पीएचपी ही संगणकभाषा एका विनंतीस किती मेमरी वापरतां येईल, हें आधींच बांधून देते. कोणी बदल केला नसेल तर ही मर्यादा १२८ एम.बी., म्हणजे १३,४२,१७,७२८ बाइट असते. आमचें छायाचित्र तींत मावेना, म्हणून काम मध्येंच तुटलें. खरें कारण सर्व्हरच्या नोंदवहींत स्पष्ट लिहिलेलें होतें. ती उघडून पाहावी, हें आमच्या फार उशिरां ध्यानांत आलें.

मोबाइलवरील साध्या छायाचित्राचीहि हीच गत होऊं शकते. ४,००० गुणिले ३,००० बिंदूंचें छायाचित्र ४ कोटी ८० लक्ष बाइट घेतें. तें आडवें पडलें असेल तर उभें करावें लागतें, आणि फिरवितांना जुनी व नवी अशा दोन पूर्ण प्रती एकाच वेळीं मेमरींत असतात. झाले ९ कोटी ६० लक्ष.

मर्यादा वाढवा, हा सल्ला सर्वांच्या तोंडीं असतो. ती ५१२ एम.बी. केल्यास आमचें काम निघालेंहि असतें. परंतु ही मर्यादा प्रत्येक विनंतीस निरनिराळी लागू होते. स्नेहसंमेलनाच्या रात्रीं दहा पालकांनीं एकदम मोठीं छायाचित्रें चढविलीं, तर ५ जी.बी. लागूं शकतील, सर्व्हरजवळ दोनच असतील तर मग छायाचित्रेंच काय, निकालाचें पानहि उघडावयाचें नाहीं. त्यांतून एखाद्या खोडसाळानें ५०,००० गुणिले ५०,००० बिंदूंचें एकरंगी चित्र पाठविलें, तर फाईल त्या मानानें अगदीं लहान, आणि उघडल्यावर १,००० कोटी बाइट! मर्यादा ही कृपणता नव्हे.

लांबीरुंदी फाईलच्या आरंभींच्या भागांत लिहिलेली असते आणि ती वाचण्यास गाठ सोडावी लागत नाहीं. म्हणून आधीं गुणाकार करावा व न मावणाऱ्या चित्रास स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. कोरें पान दाखवूं नये. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकि प्रणालीवर चालतो, ती मुळांत १ कोटी २५ लक्ष बिंदूंहून मोठें चित्र लहान करण्याचें नाकारते. मात्र इमेजमॅजिक हें साधन जोडलेलें असल्यास जेपेगला सूट आहे, आणि ती विचारपूर्वक दिलेली आहे. जेपेग चित्र आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकोनांनीं दाबलेलें असतें. त्यामुळें तें सोडतांनाच निम्में, चतुर्थांश किंवा अष्टमांश करून सोडतां येतें. आमचें छायाचित्र चतुर्थांशानें उघडलें तर १,८०० गुणिले १,५००, म्हणजे २७ लक्ष बिंदु. बाइट अवघे १ कोटी ८ लक्ष. पीएनजी चित्रास ही सोय नाहीं. लिबव्हिप्स नांवाचें साधन चित्र पट्ट्यापट्ट्यांनीं वाचतें व काम झालेली पट्टी सोडून देतें.

घरींच लहान करून पाठवा, असेंहि कित्येक सांगतात. सहलीच्या छायाचित्रांस तें ठीक; जुन्या छायाचित्रांबाबत आम्हांस तें मान्य नाहीं. पाव इंच रुंदीचा चेहरा आमच्या मूळ फाईलींत १५० बिंदूंचा आहे. १,२०० बिंदु लांबीच्या प्रतींत तो २५ बिंदूंचा राहतो. त्यांत टोपी ओळखतां येईल, माणूस नव्हे.

शेवटीं तीच फाईल चतुर्थांशानें उघडून लहान प्रत संकेतस्थळावर लाविली, व मूळ फाईल जशीच्या तशी दोन ठिकाणीं ठेविली आहे. ती पडद्यावर मोठी करून धनजच्या त्या विद्यार्थ्यानें मागच्या रांगेंतील डावीकडून चौथा मुलगा आम्हांस दाखविला. ते त्याचे आजोबा होत.