बेचाळिसाव्या वर्षी पदार्पण

क्रिकेट आपल्याकडे गल्लीबोळांतून खेळले जाते. बेसबॉल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. या खेळातील गोलंदाजाला ‘पिचर’ म्हणतात. तो धावत येत नाही. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून, सुमारे साडेअठरा मीटर अंतरावरील फलंदाजाकडे तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. हात कोपरात वाकवून, सर्व ताकदीनिशी, एका सामन्यात शंभराच्या आसपास वेळा असे फेकायचे म्हणजे खांद्यावर व कोपरावर विलक्षण ताण येतो. म्हणून पिचरला दोन सामन्यांमध्ये काही दिवस विश्रांती देतात. तरीही पुष्कळांची कारकीर्द लवकर संपते. सँडी कोफॅक्स याने १९६६ च्या हंगामात २७ विजय मिळविले आणि कोपराच्या संधिवातामुळे त्याच वर्षी, अवघ्या तिसाव्या वर्षी, निवृत्ती पत्करली.

हे ध्यानात घेतले म्हणजे सॅचेल पेजच्या कारकीर्दीचे नवल कळते. १९०६ साली अलाबामा राज्यातील मोबिल येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. बाराव्या वर्षी त्याची रवानगी सुधारगृहात झाली आणि पिचिंगचे खरे शिक्षण त्याला तेथेच मिळाले. १९२६ पासून तो व्यावसायिक खेळाडू झाला. परंतु ‘मेजर लीग’ या सर्वोच्च स्पर्धेत त्याला प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. गोऱ्या मालकांनी आपसांत पाळलेला तो एक संकेत होता. त्यामुळे कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ व स्वतःच्या स्पर्धा उभ्या केल्या. पेज त्यांत खेळला, गावोगाव हिंडून प्रदर्शनीय सामने खेळला. त्यांपैकी कित्येक सामन्यांची नोंदच कोणी ठेवली नाही.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ही वर्णभेदाची भिंत फोडली. पुढच्या वर्षी ७ जुलैला, बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलँड संघाने पेजला करारबद्ध केले. त्या हंगामात त्याने सहा सामने जिंकले, एकच हरला, आणि क्लीव्हलँड अजिंक्य ठरले. १९६५ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तो कॅन्सस सिटीकडून तीन डाव पिचिंग करून गेला; प्रतिपक्षाला एकही धाव मिळाली नाही. १९७१ साली कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. १९८२ मध्ये तो निवर्तला.

ही कथा ‘उशीर कधीच होत नसतो’ असा धडा देण्यासाठी सांगितली जाते. मला तो धडा अपुरा वाटतो. पेजच्या चिकाटीचे कौतुक करताना, बावीस वर्षे दार कोणी लावून ठेवले होते, हा प्रश्न आपण सोयीस्करपणे विसरतो. २०२० साली मेजर लीगने कृष्णवर्णीयांच्या जुन्या स्पर्धांना बरोबरीचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांतील उपलब्ध आकडे आपल्या नोंदींत घेतले. नोंदवही दुरुस्त झाली, हे योग्यच झाले. पण पेजच्या ऐन उमेदीची वर्षे त्याला परत मिळाली नाहीत. घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला म्हणूनच वाटते, की उशिरा आत येणाऱ्याचे वय मोजण्यापूर्वी तो दाराबाहेर किती काळ उभा होता, हे आधी विचारावे.