शेळीचा माज आणि आपलं कॅलेंडर



आमच्या बचत गटाने कर्ज काढून शेळ्या घेतल्या, तेव्हा वस्तीवर बोकड एकच. पुढे त्याच्याच लेकी त्याच्याकडे भरवल्या जाऊ लागल्या आणि करडं किरकोळ निपजू लागली. म्हणून आम्ही कृत्रिम रेतन करून घ्यायचं ठरवलं. पहिल्या खेपेला बऱ्याच शेळ्या उलटल्या. "त्या कांडीतच दम नाही," असं म्हणून आम्ही मोकळ्या झालो. खरं तर चूक आमचीच होती. शेळी माजावर यायची सोमवारी आणि आम्ही डॉक्टरांना कळवायचो बुधवारी!

शेळीचा माज साधारण 24 ते 36 तास टिकतो. स्त्रीबीज सुटतं ते माजाच्या शेवटी शेवटी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फार उशीर झाला की कांडी कितीही चांगली असली तरी वाया जाते.

माज ओळखायचा कसा? शेळी सारखी ओरडते, शेपटी हलवते, घडीघडी लघवी करते, चारा कमी खाते, दुसऱ्या शेळ्यांवर उडते. मागचा भाग लालसर, सुजल्यासारखा दिसतो आणि चिकट स्राव येतो. हे डॉक्टरांना घरी बसून कसं दिसणार? ते आपल्यालाच पाहायला हवं, सकाळ-संध्याकाळ.

मेंढीचं मात्र वेगळं आहे. ती माज फारसा दाखवत नाही, तो नरालाच कळतो. तिच्या गर्भाशयाचं तोंडही घड्याघड्यांचं असल्याने रेतनाची नळी सहज आत जात नाही. म्हणून शेळीचा हिशेब मेंढीला लावू नका.

आता आमच्या प्रत्येकीच्या घरात कॅलेंडरवर माजाची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. रेतनानंतर 18 ते 21 दिवसांनी आम्ही पुन्हा लक्ष ठेवतो. शेळी परत माजावर आली तर ती गाभण राहिली नाही असं समजायचं. नाही आली तर बहुधा राहिली. तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. रेतनापासून साधारण 150 दिवसांनी ती विते.

एक माज चुकला की तीन आठवडे शेळी नुसती खाते. ना दूध, ना करडू. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, आज गोठ्यात जाताना खडू नाहीतर पेन्सिल बरोबर न्या.