चिमटा का मोडतो?

दोरीवरचा चिमटा दाबला आणि बोटांतच मोडला, की आपण म्हणतो, हल्ली मालच हलका येतो. माल हलका असेलही. पण त्याच पाकिटातला, कपाटात राहून गेलेला चिमटा काढून बघा. तो अजून धड असतो. फरक उन्हाचा आहे.

‘प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही, मग त्याला काय होतंय?’ हा सगळ्यांत मोठा गैरसमज. न कुजणं वेगळं, ताकद टिकणं वेगळं. चिमटे, खुर्च्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. एकमेकींत गुंतलेल्या लांबलचक रेणूसाखळ्या हे या प्लास्टिकचं बळ. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या तोडतात. गच्चीवरच्या जुन्या खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवा, भुकटी लागेल. भिंग धरलंत तर बारीक भेगांचं जाळंही दिसेल. खराब झालेला थर बहुधा मिलिमीटरभरही नसतो, आतलं प्लास्टिक बरंचसं शाबूत असतं. तरी खुर्ची मोडते, कारण ठिसूळ थरातली भेग तिथेच थांबत नाही. वजन पडताच आत धावते. काल पेलणारी खुर्ची आज एकाएकी पाय टाकते, ती यामुळे. अशी भुकटी सुटलेली खुर्ची घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसायला देऊ नये.

‘काळं प्लास्टिक जास्त तापतं, म्हणून लवकर खराब होतं’ हेही खरं नाही. तापतं जरूर. पण पाण्याच्या काळ्या पाइपात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेलं असतं आणि ते अतिनील किरण वरच्या वर शोषून घेतं. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या उगाच नव्हे.

‘पाण्याने प्लास्टिकचं काही बिघडत नाही’ हाही गैरसमजच. नायलॉन तर पाणी पितं. मऊ पडतं, पण चिवटही होतं. फायबरच्या होडीची गोष्ट निराळी. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनच्या या कवचात वरच्या जेलकोटमधून पाणी हळूहळू झिरपतं आणि तळाला फोड येतात. फोड फोडला तर आतल्या द्रवाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, म्हणजे रेझिनचं विघटन सुरू झालेलं असतं. तंतू आणि रेझिन यांची पकडही सैल होते. फोड घासून नुसता रंग मारला तर ओल आत कोंडते. आधी तळ पुरता वाळवावा लागतो.

शेवटचा गैरसमज जिवावरचा आहे: ‘हेल्मेटवरचे डाग पेट्रोलने, थिनरने छान निघतात.’ डाग निघतात. पण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या कवचात साच्यातून निघतानाचाच ताण दबून असतो. त्यावर असं द्रावक लागलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. हेल्मेट तसंच चकचकीत दिसतं, धक्का मात्र पूर्वीसारखा सोसत नाही. हेल्मेट साबणाच्या पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा.