एक खाच आणि साडेसात हजार तुकडे

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पापड सादळतात, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, जुनं पुस्तक उघडलं की कुबट वास येतो. या हवेत गाण्याची तबकडी टिकवणं ही मोठी निगुतीची गोष्ट आहे.

बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचा आवाज ज्या ७८ गतीच्या तबकड्यांवर उतरला, त्या लाखेच्या. झाडाच्या फांदीवर एक इवलासा किडा जो रस सोडतो, त्यापासून लाख मिळते. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रंगभूमीवर कितीतरी वेळ रंगणारं पद तेवढ्यात बसवावं लागे! १९४८मध्ये व्हिनाइलची लाँग-प्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. या तबकडीवर दिसतात शेकडो वर्तुळं, पण एका बाजूला खाच असते एकच, कडेपासून मध्याकडे फिरत गेलेली. ती उलगडून सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. केसाएवढ्या बारीक वाटेने सुई हे सगळं अंतर चालते आणि आपल्याला गाणं ऐकू येतं.

त्या वाटेवर धूळ किंवा बुरशी बसली की खरखर आलीच. व्हिनाइल हे बुरशीचं खाद्य नव्हे; तिला हवा असतो कागद, डिंक आणि बोटांचा तेलकटपणा. म्हणजे संरक्षणासाठी घातलेलं कागदी पाकीटच पावसाळ्यात सर्दावून तिला पोसतं. पीव्हीसीची जाड पिशवीही नको, कारण ती मऊ राहावी म्हणून घातलेली द्रव्यं वर्षानुवर्षं तबकडीत झिरपतात आणि पृष्ठभाग धुरकट होतो. आत पातळ पॉलिथिनचं पाकीट आणि तबकड्या उभ्या, कधीही आडव्या थप्पीने नाही, ही मला सर्वांत भरवशाची व्यवस्था वाटते.

अशा तबकडीवरचं तीन मिनिटांचं पद संगणकावर सीडीच्या दर्जाने उतरवलं, तर सुमारे ३२ एमबीची फाइल होते. हार्ड डिस्क हीसुद्धा फिरणारी तबकडीच. पण ती जागा ४ केबीच्या कप्प्यांनी देते, म्हणजे या एका पदाला साडेसात हजारांहून जास्त कप्पे लागतात. ते सलग असतीलच असं नाही. गणपतीच्या गर्दीत कोकण रेल्वेचं तिकीट काढलं की आई एका डब्यात, मुलं तिसऱ्यात, अशी गत होते ना, तसे हे तुकडे जिथे जागा मिळेल तिथे बसतात. कोण कुठे बसलं आहे, हे टीसीच्या चार्टसारख्या एका यादीत नोंदलेलं असतं. डिफ्रॅग करणं म्हणजे जागा अदलाबदल करून सगळ्या कुटुंबाला शेजारीशेजारी आणणं.

याने काय साधतं? मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कच्या हेडला नव्या जागी पोहोचून हवा तो कप्पा खाली येईपर्यंत थांबायला साधारण १३ मिलिसेकंद लागतात. साडेसात हजार तुकडे साडेसात हजार ठिकाणी असले, तर नुसत्या धावपळीत दीड मिनिट जाईल. तेच सलग असले तर अर्ध्या सेकंदाच्या आत काम होतं. एमएस-डॉसमध्ये १९९३पासून हे काम करणारा प्रोग्रॅम होता. विंडोज ९५च्या काळात पडद्यावर रंगीत चौकोन सरकताना पाहत बसलेले बरेच जण आजही भेटतील.

आणखी एक गोष्ट मला थक्क करते. हार्ड डिस्कची पेटी बहुधा पूर्ण बंद नसते. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला गाळणी लावलेलं बारीकसं छिद्र असतं आणि आत ओल शोषणारी पुडीही असते. दमट हवेची काळजी इथेही सुटलेली नाही!

नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिला डिफ्रॅग करू नका. त्याने वेग वाढत नाही, उलट विनाकारण लिहून ती झिजते. आणि माळ्यावर आजोबांच्या लाखेच्या तबकड्या सापडल्या, तर त्या पुसायला स्पिरिट घेऊ नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.