दिल्ली आणि आग्रा : सात दिवसांची आंखणी

सहकुटुंब प्रवासास निघणारा गृहस्थ प्रथम तिकिटांची चिंता वाहतो; वास्तविक त्यानें आधीं वार पाहावेत. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारीं बंद असतो, आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारीं. हा हिशेब चुकला, तर वृद्ध आईवडिलांस बंद दारावरून परतावें लागतें, आणि त्यांच्या आयुष्यांत तो योग पुन्हां येईलच असें नाहीं.

म्हणून मंगळवारीं दिल्ली गांठावी आणि शनिवारीं सकाळीं सुमारें २०० किलोमीटरांवरील आग्र्यास जावें. हा क्रम केवळ सोयीचा नव्हे. दिल्लींतील हुमायूनची कबर सोळाव्या शतकांतली. उंच चौथरा, चार भागांची बाग आणि वर पांढरा घुमट ही कल्पना तेथें मुख्यतः तांबड्या दगडांत उभी आहे. तीच १६३२ च्या सुमारास आग्र्यास संगमरवरांत आरंभिली गेली. मात्र इमारत बागेच्या मध्यावरून यमुनेच्या कांठीं सरकली. कबर आधीं पाहिलेलें मूल हा फरक आपणच ओळखतें.

रविवारीं आग्र्याचा किल्ला पाहावा. १६६६ मध्यें शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारांत उभे राहिले ते येथेंच. सोमवारीं फत्तेपूर शिक्री पाहून परतीची गाडी धरावी. रोज एकच मोठें स्थळ आणि दुपारीं विश्रांति, एवढें पथ्य पाळलें, तर घरीं आठवणी येतात, शीण येत नाहीं.