एक कंबर, चार पट्टे

अजिंक्यपद मिळविणे अवघड खरे, पण ते राखणे त्याहून अवघड असते. मुष्टियुद्धाच्या जगात तर एकाच वजनगटाचे चार निरनिराळे पट्टे एकाच योद्ध्याच्या कमरेला असतात आणि तरीही काही आठवड्यांत त्यांतला एखादा, एकही ठोसा न खाता, सुटून जातो. हे कसे घडते, ते समजण्यासाठी आपण आपल्या ओळखीच्या कुस्तीपासून आरंभ करू.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली स्थापन झाली, आणि १९६१ साली औरंगाबादेस दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. ही गदा कोणी आव्हान देऊन हिसकावून घेत नाही. स्पर्धा भरली की जुना केसरीही इतरांबरोबर पहिल्या फेरीपासून लढतो. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांची अखेरची कुस्ती होते व जिंकेल तो केसरी. नाशिक जिल्ह्याकडून लढणारा हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये पुण्यास असाच केसरी झाला. येथे पद राखणे म्हणजे पुन्हा सगळ्यांशी लढणे. प्रतिस्पर्धी निवडण्याची मुभाच नाही.

मुष्टियुद्धात रीत वेगळी आहे. तेथे विजेता वर बसलेला असतो आणि आव्हान देणारा खालून येतो. मग विजेत्याने हलक्याच जोडी निवडल्या तर? जत्रेच्या फडात वजनदार पैलवानाने पोरसवद्यांच्याच कुस्त्या कराव्यात, तसा हा प्रकार होईल. तो टाळण्यासाठी सक्तीच्या लढतीचा नियम झाला.

तो असा चालतो. प्रत्येक संघटना मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी लावते. त्यांतील अग्रक्रमाचा, किंवा मुद्दाम ठेवलेल्या निवड-लढतीत जिंकलेला, तो हक्काचा आव्हानवीर. विजेत्याने साधारणतः नऊ महिने ते एक वर्ष एवढ्या मुदतीत त्याच्याशी लढलेच पाहिजे. मधल्या काळात क्रमवारीतला दुसरा प्रतिस्पर्धी तो आपल्या मर्जीने घेऊ शकतो. सक्तीच्या लढतीच्या पैशांवर दोन्ही पक्षांचे एकमत झाले नाही, तर संघटना लढत भरविणाऱ्यांकडून बोली मागविते. ज्याची बोली मोठी, त्याला लढत भरविण्याचा हक्क. त्यानंतरही विजेता उभा राहिला नाही, तर पद काढून घेतले जाते. दुखापत झाली तर सवलत मिळते. कधी आव्हानवीर मोबदला घेऊन थांबावयास राजी होतो.

एक संघटना असती तर गोष्ट येथेच संपली असती. पण जागतिक मुष्टियुद्धात चार प्रमुख संघटना आहेत. पहिलीचे मूळ १९२१ सालचे, दुसरी १९६३ ची, तिसरी १९८३ ची आणि चौथी १९८८ ची. चारही पट्टे ज्याच्याकडे, त्याच्यापुढे चार आव्हानवीर उभे. म्हणून संघटना आपसांत पाळी लावून घेतात. तथापि एखाद्या मोठ्या लढतीचा करार आधीच झालेला असला की पाळी चुकते.

टायसन फ्युरीने नोव्हेंबर २०१५ मध्ये क्लिच्कोला हरवून तीन संघटनांची पदे मिळविली. करारान्वये क्लिच्कोशी पुन्हा लढणे त्यास भाग होते. पण तिसऱ्या संघटनेचा आव्हानवीर दुसराच होता. दोन आठवड्यांच्या आत तिने आपले पद काढून घेतले. १९९२ साली रिडिक बो याने तर लेनॉक्स लुईसशी लढण्यापेक्षा आपला एक पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि लुईस न लढताच विजेता ठरला. मे २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिक याने चारही पट्टे एकत्र केले. पुढच्याच महिन्यात फ्युरीशी ठरलेल्या दुसऱ्या लढतीसाठी एक सोडला, आणि तो जुलै २०२५ मध्ये डॅनियल ड्युबॉइसला पाडून परत मिळविला.

हे सारे परदेशी थेर आहेत, असे मात्र कोणी म्हणू नये. राज्यातील कुस्तीच्या कारभारात दोन तट पडले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगाव येथे सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीत केले. त्याच महिन्यात धाराशिवच्या स्पर्धेत त्याच राक्षेने सदगीरला हरवून गदा घेतली. एका महिन्यात एक मल्ल हरलाही आणि केसरीही झाला! २०२५ सालीही अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ आणि त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके, असे दोन केसरी झाले.

यात मल्लांचा दोष नाही. वर्षभर तालमीत घाम गाळून मिळविलेल्या मानाला, दुसरा कोण तो, असा प्रश्न चिकटतो, हे त्यांचेच नुकसान आहे. सक्तीच्या लढतीचा नियम कटकटीचा वाटला तरी त्यामागचे तत्त्व योग्य आहे: ज्याचा हक्क आहे त्याच्याशी लढल्यावाचून पद आपले म्हणू नये. पण हक्क कोणाचा, हे ठरविणारे घर एक असेल तरच त्या तत्त्वाला अर्थ. गदा असो की पट्टा, तो कोणी दिला याबरोबरच, समोर कोण होता आणि त्याला टाळले तर नाही ना, हेही आपण प्रेक्षकांनी विचारावे. असे विचारणारे प्रेक्षक वाढले, तर मानाची किंमत राहील.