एस्तोनियाचे निशाण : कबजा आणि हक्क

दुसऱ्याची जमीन बारा वर्षे उघडपणे व निर्वेध वहिवाटली म्हणजे मूळ मालकाचा हक्क बुडतो, हे दिवाणी कोर्टाची पायरी चढलेल्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. राष्ट्राच्या निशाणास मात्र हा मुदतीचा कायदा लागू नाही. याचा दाखला बाल्टिक समुद्राकाठच्या एस्तोनिया या चिमुकल्या देशाने घालून दिला आहे. त्याची लोकसंख्या १४ लाखांच्या आत. पण त्याच्या निळ्या, काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांच्या निशाणाचा इतिहास मोठमोठ्या राष्ट्रांनी वाचावा असा आहे.

हे निशाण कोणा राजाने दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकात तेथे राज्य रशियाच्या झारचे, मोठ्या जमिनी जर्मन सरदारांच्या आणि तार्तूच्या विद्यापीठात भाषाही जर्मन! अशा स्थितीत शेतकऱ्यांची मुले शिकू लागली, स्वभाषेच्या अभिमानाने त्यांनी आपली मंडळी काढली आणि १८८१ साली हे तीन रंग तिचे म्हणून ठरविले. पुढे रेशमी निशाण शिवून ४ जून १८८४ रोजी ओतेपा या गावी त्यावर धर्मसंस्कार करण्यात आला. निळा रंग आकाशाचा, सरोवरांचा व निष्ठेचा. काळा मायभूमीच्या मातीचा व भोगलेल्या दुःखाचा. पांढरा विद्येच्या प्रकाशाचा, असा अर्थ तेथील लोक सांगतात.

२४ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला राजधानी तालिन येथील किल्ल्याच्या उंच बुरुजावर हे निशाण चढले, आणि १९२२ साली विधिमंडळाने त्याचा कायदा केला. म्हणजे ओतेपाच्या समारंभानंतर कायदा आला तो ३८ वर्षांनी. त्याने निशाण निर्माण केले नाही. लोकांनी आधीच प्रस्थापित केलेल्या हक्काची नोंद तेवढी केली.

१९४० च्या जून महिन्यात सोव्हिएट फौजांनी देश व्यापला व बुरुजावर लाल निशाण लागले. मध्ये तीन वर्षे जर्मनांचा अंमल झाला. १९४४ त पुन्हा सोव्हिएट सत्ता आली. पण २३ जुलै १९४० रोजीच अमेरिकेने हे बळकावणे अमान्य असल्याचे जाहीर केले होते, आणि न्यूयॉर्कमधील एस्तोनियाची वाणिज्य वकिलात पुढेही चालूच राहिली. ओतेपाचे मूळ निशाण एका शेतघरात दडविलेले होते. १९८८ च्या एप्रिलात तार्तूच्या लोकांनी निळे, काळे व पांढरे अशी तीन स्वतंत्र निशाणे शेजारीशेजारी धरली! बंदी होती ती तीन रंगांच्या एका निशाणावर. तीन कापडांवर कोणते कलम लावणार? अखेर २४ फेब्रुवारी १९८९ रोजी जुने निशाण त्याच बुरुजावर परत चढले, व २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य पुनःस्थापित झाले. मूळ निशाण आज तेथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन आहे.

निशाणास वंदन करणे सोपे आहे. परंतु एस्तोनियाच्या लोकांनी आधी शाळा, भाषा व सभा उभ्या केल्या आणि मग निशाण उभारले, हा क्रम विसरता कामा नये. कबजा बंदुकीने मिळतो. हक्क जिवंत ठेवावयास शिकलेले व एकजुटीचे लोकच लागतात.